भाषेचा पेपर: उत्तराच्या ओळीवर बोट ठेवायला शिका

बारावीनंतर लॉ, बीबीए, बीसीए किंवा एखादं केंद्रीय विद्यापीठ गाठायचं ठरवलं की भाषेचा पेपर आडवा येतोच. पुसद, दारव्हा, चिखली, वरूड, सिंदेवाही अशा तालुक्यांतली आपली पोरं या पेपरापुढे दोनच तऱ्हांनी वागतात. काही जण ‘आपली इंग्रजी कच्ची’ म्हणून आधीच हात टेकतात. बाकीचे व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणून टेन्सपासून पाठांतर सुरू करतात. दोन्हींनी मार्क वाढत नाहीत. तुम्हाला फाडफाड इंग्रजी बोलता येतं का, हे या परीक्षा विचारतच नाहीत. समोरचा मजकूर नीट वाचता येतो का आणि वाक्य कुठे बिघडलंय हे ओळखता येतं का, एवढंच त्या तपासतात. ते घरी बसून शिकता येतं. त्यासाठी नागपूरला खोली करून राहायची गरज नाही.

मराठी किंवा सेमी माध्यमातून शिकलेल्या आणि या परीक्षांना पहिल्यांदाच बसणाऱ्या मुलामुलींसाठी पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

पायरी १: तुमच्या परीक्षेत भाषा आहे का, ते आधी बघा

इंजिनिअरिंग-फार्मसीची एमएचटी-सीईटी, जेईई मेन आणि नीट यांत भाषेचा वेगळा भाग नसतो. ज्यांचं लक्ष्य तेवढंच आहे, त्यांनी हा वेळ फिजिक्सला द्यावा.

राज्य सीईटी कक्षाची बीबीए-बीसीए-बीएमएसची सीईटी २०२४ पासून सुरू झाली. १०० प्रश्न, ९० मिनिटं आणि त्यातले ४० प्रश्न एकट्या इंग्रजीचे. चूक उत्तराचे मार्क कापत नाहीत. पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीतही इंग्रजीचा भाग आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट द्यावी लागते. त्यातलं एक विद्यापीठ आपल्या नागपूरजवळच, वारंग्याला आहे. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि चुकलं तर पाव मार्क वजा होतो. इंग्रजीचे म्हणून २२ ते २६ प्रश्न दाखवतात, पण त्यावर जाऊ नका. कायदा, चालू घडामोडी, तर्क, सगळे प्रश्न उताऱ्यावरच विचारतात. ज्याला वाचता येत नाही त्याला क्लॅटचा कुठलाच विभाग सोपा नाही.

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. ही परीक्षा २०२२ मध्ये सुरू झाली आणि एनटीए, म्हणजे राष्ट्रीय चाचणी संस्था, ती घेते. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयापासून दिल्ली विद्यापीठापर्यंत बऱ्याच ठिकाणी तिचे गुण चालतात. २०२५ पासून प्रत्येक विषयाला ६० मिनिटांत ५० प्रश्न आहेत आणि सगळे सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ५ मार्क, चुकीला १ वजा. म्हणजे भाषेचा पेपर २५० मार्कांचा. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात आणि भाषा निवडायला १३ आहेत. त्यांत मराठीही आहे, पण हे बऱ्याच जणांना फॉर्म भरून झाल्यावर कळतं. ज्या विद्यापीठात, ज्या कोर्सला जायचं आहे तिथे मराठी चालते की इंग्रजीच लागते, हे त्या विद्यापीठाच्या यादीत पाहूनच विषय टाका. दोन्ही घेतल्या तरी हरकत नाही.

एखाद्याला परदेशी विद्यापीठाचा विचार करायचा असेल तर सॅट आहे. तिच्या वाचन-लेखनाच्या विभागात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न असतात. उतारे अगदी छोटे, २५ ते १५० शब्दांचे, आणि एका उताऱ्यावर एकच प्रश्न. सॅट द्यायची नसली तरी तिचे सरावप्रश्न खान अकॅडमीवर फुकट मिळतात आणि सीयूईटीच्या इंग्रजीसाठीही चांगले कामी येतात.

परीक्षेचा आराखडा दर वर्षी थोडाफार बदलतो. त्या वर्षीचं माहितीपत्रक उतरवून घ्या आणि भाषेचं पान स्वतः वाचा. कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो म्हणजे माहितीपत्रक नव्हे.

पायरी २: अभ्यासाआधी एक पेपर सोडवून टाका

जुना पेपर घ्या, मोबाइलवर तेवढ्याच मिनिटांचा गजर लावा आणि काहीही न वाचता सोडवा. मार्क किती पडले ते कुणाला सांगायची गरज नाही. काम त्यानंतर आहे. चुकलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा काढा आणि त्याच्यापुढे एक शब्द लिहा: ‘उतारा’ (मजकूर समजलाच नाही), ‘पर्याय’ (मजकूर समजला पण उत्तर चुकलं), ‘शब्द’, ‘वाक्य’ किंवा ‘वेळ’.

मुलांना वाटतं आपल्या चुका ‘शब्द’ या खान्यात जास्त असतील. मी ज्यांच्या वह्या पाहतो त्यांच्यात ‘पर्याय’ हाच खाना सगळ्यांत भरलेला असतो. “सर, उतारा तं समजला होता, मंग उत्तर कायचं चुकलं ते समजून नाही राह्यलं,” हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. दुखणं नेमकं इथेच आहे, म्हणून पुढच्या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

पायरी ३: ओळीवर बोट

नियम एकच आहे. जे उत्तर निवडलं, त्याचा आधार उताऱ्यातल्या कोणत्या ओळीत आहे, त्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवता येत नसेल तर ते उत्तर कितीही पटलं तरी सोडायचं.

हे आधी मराठीत करून बघू. मराठीत जमलं की इंग्रजीत फक्त भाषा बदलते. हा उतारा वाचा:

> नागपुरी संत्र्याचे मुख्यतः दोन बहार धरतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे पावसाळ्यानंतर तोडणीला येतात. मृग बहार जून-जुलैच्या पावसावर फुटतो व त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. बहार धरण्याआधी झाडाचे पाणी काही काळ तोडतात. याला ताण देणे म्हणतात. आंबियाची फळे झाडावर वाढत असताना मधला सगळा उन्हाळा बागेला पाणी द्यावे लागते. त्यामुळे ज्यांच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात, असे शेतकरी बहुधा मृग बहार पसंत करतात.

प्रश्न: विहिरी आटणाऱ्या भागातले शेतकरी मृग बहार का पसंत करतात?

अ) मृगाच्या फळांना भाव चांगला मिळतो.
आ) मृग बहाराला पाणी द्यावेच लागत नाही.
इ) आंबियाला उन्हाळाभर पाणी लागते आणि त्यांच्याकडे तेव्हा ते नसते.
ई) बहार धरण्याआधी झाडाचे पाणी तोडावे लागते.

उत्तर ‘इ’ आहे, आणि बोट शेवटच्या दोन वाक्यांवर जातं. पण आपला वेळ बाकीच्या तीन पर्यायांवर घालवायचा आहे, कारण पेपर काढणारा मेहनत तिथेच घेतो.

‘अ’ हा आपल्या पोरांचा खास सापळा आहे. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या मुलाने घरी बाजारभावाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. तो म्हणतो, बरोबरच तर आहे. असेलही बरोबर, पण उताऱ्यात भावाचा एक शब्द नाही. विषय ओळखीचा निघाला की जास्त सावध राहा, कारण तिथे आपण उतारा सोडून आपल्या डोक्यातलं वाचायला लागतो. शेती, पाऊस, वाघ, गांधीजी यांवरचा उतारा आला की हुशार मुलंसुद्धा इथेच अडकतात.

‘आ’ मधला घोळ एका अक्षरात आहे. ‘द्यावेच’ मधला तो ‘च’ पर्यायाला टोकाला नेतो. उताऱ्यात एवढंच म्हटलंय की मृग पावसावर फुटतो. नंतर पाणी अजिबातच लागत नाही, असं कुठे म्हटलंय? इंग्रजीत हेच काम ‘ऑल’, ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ हे शब्द करतात. असा शब्द दिसला की उताऱ्यात तितकंच ठाम विधान आहे का, ते शोधा. नसेल तर पर्याय बाद. आता उलट बाजू बघा. उताऱ्यातला ‘बहुधा’ हा शब्द लेखकाने हात राखून वापरला आहे. तसे शब्द, म्हणजे ‘मे’, ‘ऑफन’, ‘सम’, असलेले पर्याय बरोबर निघण्याची शक्यता जास्त असते. अर्थात हा अंदाज झाला. निकाल बोटानेच लावायचा.

‘ई’ सगळ्यांत लबाड आहे. हे वाक्य उताऱ्यात जवळपास जसंच्या तसं आहे, बोटही ठेवता येतं, पण ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. प्रश्न ‘का’ असा आहे आणि ताण तर दोन्ही बहारांना द्यावा लागतो. घाईत वाचणारा ओळखीचं वाक्य दिसलं की टिक करून मोकळा होतो. म्हणून बोट ठेवल्यावर प्रश्न पुन्हा एकदा वाचायचा: ही ओळ यालाच उत्तर देते का?

‘वरील उताऱ्यावरून काय सूचित होते’ अशा प्रश्नांत उत्तराची ओळ थेट नसते, पण दोन ओळी जोडून ते निघतं. तेव्हा दोन बोटं ठेवायची. तीन ओळी आणि वर स्वतःचा एक तर्क लागत असेल, तर तुम्ही फार पुढे गेलात. उताऱ्याला शीर्षक द्या असं विचारलं, तर जो पर्याय एकाच परिच्छेदाला लागू पडतो तो खोडा आणि जो उताऱ्याहून मोठा आहे तोही खोडा. वरच्या उताऱ्याला ‘ताण देण्याची पद्धत’ हे शीर्षक लहान होतं आणि ‘विदर्भातील शेती’ हे ढगळ.

महिनाभर फक्त एवढंच करा. दिवसाला दोन उतारे पुरेत. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक आहे ते मराठीत लिहा: ‘उताऱ्यात नाही’, ‘टोकाचं’, ‘प्रश्नाचं उत्तर नाही’. दोन उतारे असे सोडवले तर तासभर जातो. वीस उतारे पटापट सोडवून उत्तरतालिका बघण्यापेक्षा तो तास जास्त मार्क देतो.

आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा, यावर क्लासवाल्यांची भांडणं आहेत. माझं मत असं की उतारा तीन-चारशे शब्दांचा असेल तर आधी उताराच वाचा, एकदाच पण सलग. पर्याय आधी वाचले तर त्यातली तीन खोटी विधानं डोक्यात घेऊन तुम्ही उताऱ्यात शिरता. सॅटसारखा चार ओळींचा उतारा असेल तर आधी प्रश्न पाहिलेला चालतो.

पायरी ४: इंग्रजी वाचायची सवय, ओळखीच्या बातमीपासून

इंग्रजी वाचताना आपण प्रत्येक शब्दाचं मनात मराठी करतो, म्हणून वेग येत नाही. ही सवय तोडायची तर विषय आधीच माहीत असलेला मजकूर घ्यायचा. नागपूरहून निघणारा ‘द हितवाद’ हा जुना इंग्रजी पेपर आहे. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तो सुरू केला. ‘लोकमत टाइम्स’ही आहे. गावात इंग्रजी पेपर येत नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात किंवा मोबाइलवर वाचा.

पद्धत अशी ठेवा. कापसाची खरेदी, धरणाचा साठा किंवा अवकाळीचं नुकसान अशी एखादी स्थानिक बातमी आधी मराठी पेपरात वाचा आणि मग तीच इंग्रजीत. मजकूर ठाऊक असल्यामुळे ‘अरायव्हल्स’ म्हणजे बाजारातली आवक, ‘प्रोक्युअरमेंट’ म्हणजे खरेदी, ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे नुकसानभरपाई हे डिक्शनरी न उघडताच लक्षात येतं. असे शब्द वहीत वाक्यासकट लिहायचे. सुटा शब्द आणि त्याचा अर्थ अशी दोन खान्यांची यादी करू नका, ती आठवडाभरात विसरते.

पंधरा-वीस दिवसांत बातम्या सोप्या वाटायला लागल्या की त्या सोडा. परीक्षेतले उतारे कापसावर नसतात. तिथे इतिहास, विज्ञान, कथेचा तुकडा, कुणाची आठवण असं येतं. मग एनसीईआरटीची अकरावी-बारावीची इंग्रजीची पुस्तकं घ्या, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आर्ट्सवाल्यांनी इतिहास आणि राज्यशास्त्राची एनसीईआरटी इंग्रजीतून वाचली तर सीयूईटीच्या त्या विषयांचंही काम होतं, म्हणजे एका फेरीत दोन कामं. महाज्योती या सरकारी संस्थेचा टॅब ज्यांच्या घरी आलाय, त्यांनी निदान हे तरी त्यावर उतरवून ठेवावं. लाइट गेली, रेंज गेली तरी पीडीएफ उघडते.

अनोळखी शब्द आला की थांबू नका. वाक्याचा कल बघा. पुढे ‘बट’ किंवा ‘हाउएव्हर’ असेल तर मागच्याच्या उलट अर्थ आहे. ‘अन’, ‘इन’, ‘मिस’ने सुरू होणारा शब्द बहुधा नकारी असतो. शब्द चांगला की वाईट एवढं कळलं तरी चारातले दोन पर्याय बहुतेकदा गळतात.

पायरी ५: वाक्याच्या प्रश्नांसाठी रोज चार ओळी लिहा

‘राइटिंग’ म्हटलं की मुलं निबंध धरून बसतात. या परीक्षांत निबंध नसतो. चुकीचं वाक्य ओळखा, योग्य शब्द भरा, वाक्यांचा क्रम लावा, समान-विरुद्ध अर्थाचे शब्द शोधा, असं विचारतात. मग लिहायचं कशाला? कारण ज्याने वाक्यं लिहिली आहेत त्यालाच ती कुठे बिघडतात ते खटकतं. शिवाय बोर्डाच्या बारावी इंग्रजीत लेखनकौशल्याला १६ मार्क आहेतच.

शिक्षक जवळ नसतील तरी एक उपाय चालतो. चांगल्या इंग्रजीतला पाच-सहा ओळींचा परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा आणि तोच मजकूर आठवून आपल्या वाक्यांत लिहा. मग पुस्तक उघडून ओळीला ओळ लावून बघा. ‘द’ कुठे गाळला, ‘इन’च्या जागी ‘ऑन’ कुठे आलं, दोन वाक्यं त्यांनी कशी जोडली, सगळं उघडं पडतं. चूक तुमची तुम्हालाच सापडते, म्हणून ती टिकून राहते.

मराठीत विचार करणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या आहेत आणि पेपर काढणाऱ्यांना त्या पाठ आहेत. एक वाक्य बघा: ‘द क्वालिटी ऑफ द ऑरेंजेस फ्रॉम वरूड अँड मोर्शी आर गुड.’ कानाला बरं वाटतं, कारण क्रियापदाजवळ अनेक नावं आहेत. पण चांगली काय आहे? क्वालिटी. ती एक आहे, म्हणून ‘आर’ नाही, ‘इज’. अशा प्रश्नात ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा तुकडा बोटाने झाकून टाका. ‘द क्वालिटी… इज गुड’. झालं.

दुसरी चूक आपल्या जरी-तरीतून येते. मराठीत ‘जरी पाऊस आला तरी आम्ही गेलो’ असं दोन्हीकडे अव्यय लागतं, म्हणून आपण ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करून मध्ये ‘बट’ घालतो. इंग्रजीत दोघांपैकी एकच. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचंही तेच. तिसरी चूक स्वल्पविरामाची. दोन पूर्ण वाक्यं नुसता स्वल्पविराम देऊन चिकटवलेली इंग्रजीत चालत नाहीत. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या किंवा ‘अँड’सारखा शब्द घाला. सॅटमध्ये तर यावर हमखास प्रश्न असतात.

बाकीच्या नुसत्या पाहून ठेवा. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ नाही, ‘फ्रेंड्स’. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. पाच वर्षांपासून राहतो म्हणताना ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ नाही, ‘फॉर फाइव्ह इयर्स’, आणि क्रियापद ‘हॅज बीन लिव्हिंग’. ‘यस्टर्डे’ असलं की ‘हॅव गॉन’ नाही, साधं ‘वेंट’.

वाक्यांचा क्रम लावताना पहिलं वाक्य शोधण्यात वेळ घालवू नका. आधी एक जोडी शोधा. ‘धिस’, ‘ही’, ‘सच’, ‘देअरफोर’ असा मागे बोट दाखवणारा शब्द असलेलं वाक्य घ्या आणि ते कुणाकडे बोट दाखवतंय ते बघा. जोडी पक्की झाली की पर्यायांतून निम्मे क्रम आपोआप बाद होतात.

मराठी भाषा घेतली असेल तर

आपलीच भाषा म्हणून तयारी न करता जाणारे बरेच असतात आणि मग समानार्थी शब्द आणि वाक्प्रचारांत आपटतात. वऱ्हाडीत आपण ‘पानी’, ‘लोनी’, ‘डोया’ म्हणतो. घरात तेच गोड आहे, पण पेपरात प्रमाणलेखन लागतं. ण-न आणि ळ असलेले शब्द एकदा वेगळे काढून लिहून बघा. वाचायला मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरच्या छोट्या नोंदी घ्या. भाषा दाट असते, उताऱ्याच्या सरावाला उत्तम.

पायरी ६: वेळ आणि तुक्का

सीयूईटीत एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात, बीबीएच्या सीईटीत ५४, क्लॅटमध्ये ६०, आणि त्यातच उतारा वाचायचा. म्हणून शब्द आणि वाक्याचे प्रश्न आधी उरकून घ्या. ते अर्ध्या मिनिटात होतात आणि उरलेला वेळ उताऱ्यांना मिळतो. एखाद्या प्रश्नावर दोन मिनिटं गेली की पुढे चला, मग तो कितीही जिव्हारी लागो.

चुकीला मार्क कापतात म्हणून प्रश्न सोडून येणारे खूप आहेत. जरा हिशेब करा. सीयूईटीत चार प्रश्नांना डोळे मिटून टिक केलं तर सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील: पाच मिळाले, तीन गेले, दोन हातात. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर तीन प्रश्नांत एक बरोबर आणि दोन चूक, म्हणजे तीन मार्क हातात. कोरा सोडला तर शून्य. क्लॅटमध्ये हा फायदा अगदीच किरकोळ आहे, तिथे निदान एक पर्याय खोडता आला तरच तुक्का मारा. आणि जिथे मार्क कापतच नाहीत तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे हातचं सोडणं.

पायरी ७: बोर्डानंतरचे दिवस

बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. सीईटी-सीयूईटी साधारण एप्रिल-मेमध्ये. मधल्या दिवसांत लग्नं असतात, उन्हाळवाही असते, घरी पाहुणे असतात. चंद्रपूर-वर्ध्याकडे दुपारी टिनाच्या खाली बसवत नाही, म्हणून वाचनाचं काम पहाटे उरकायचं आणि दुपारी फक्त जुन्या चुकांची वही चाळायची. शेवटच्या तीन आठवड्यांत दिवसाआड पूर्ण वेळेचा मॉक, म्हणजे सराव पेपर, द्या आणि मधल्या दिवशी त्याच मॉकच्या चुका काढा. नवीन पुस्तक या काळात आणू नका. क्लॅट देणाऱ्यांनी हे वेळापत्रक विसरा. त्यांची परीक्षा डिसेंबरात, बारावी चालू असतानाच येते, त्यामुळे अकरावीतच सुरुवात हवी.

पायरी ८: कॉम्प्युटर आणि सेंटर

क्लॅट कागदावर होते. सीयूईटी, राज्याची सीईटी आणि सॅट कॉम्प्युटरवर. मोबाइलवर वाचायची सवय असलेल्या मुलांचा माउसवर हात बसलेला नसतो आणि उतारा वर-खाली सरकवण्यातच मिनिटं जातात. गावातल्या एमएस-सीआयटीच्या सेंटरवर बोलून आठवड्यातून दोनदा तासभर बसा आणि एनटीएच्या संकेतस्थळावरचे मॉक तिथे सोडवा. स्क्रीनवर पेन्सिलीने खूण करता येत नाही, तेव्हा बोटाचं काम माउसच्या बाणाला करू द्या. उत्तर निवडल्यावर ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबल्याशिवाय पुढे जाऊ नका. उत्तर देऊन रिव्ह्यूची खूण केलेला प्रश्न एनटीए तपासते, पण नुसती खूण करून ठेवलेल्याचे मार्क नाहीत.

फॉर्म भरताना आधार आणि दहावीच्या सनदेवर नाव एकसारखं आहे ना, ते आधी पाहा. सेंटर नागपूरला आलं तर ते बहुतेकदा शहराबाहेरच्या एखाद्या कॉलेजात असतं. गणेशपेठच्या स्टँडवर उतरून तिथवर पोचायलाच तास जातो आणि गेट बंद झालं की कुणाचं ऐकत नाहीत. सकाळची शिफ्ट असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जा. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र आणि फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

पेपर झाल्यावर

काही दिवसांनी एनटीए तात्पुरती उत्तरतालिका आणि तुमचा उत्तरांचा तक्ता टाकते. तो उतरवून घ्या. एखादं उत्तर चुकीचं दिलंय असं वाटलं तर प्रश्नामागे २०० रुपये भरून हरकत घेता येते, पण उताऱ्यातली ओळ दाखवता येत असेल तरच पैसे घाला. परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये झाली असेल तर गुणांचं सामान्यीकरण होतं, म्हणजे सोपा-अवघड पेपर बघून गुण एका पातळीवर आणतात, त्यामुळे स्वतः मोजलेले मार्क आणि निकालातला स्कोअर तंतोतंत जुळणार नाही. घाबरू नका.

आणि सीयूईटीचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. फॉर्म भरताना विद्यापीठाचं नाव टाकलं म्हणून सीट मिळत नाही. निकालाच्या आसपास प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पोर्टलवर वेगळी नोंदणी घेतं, त्याची तारीख वेगळी आणि बहुतेकदा फीही वेगळी. वर्ध्याचं वेगळं, दिल्लीचं वेगळं. चांगला स्कोअर घेऊन घरी बसलेली मुलं याच पायरीवर राहून जातात. म्हणून ज्या विद्यापीठांची नावं टाकलीत त्यांची संकेतस्थळं मे महिन्यापासूनच दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा, आणि फॉर्मला दिलेला मोबाइल नंबर व ईमेल सेतूवाल्याचा नाही, तुमचा स्वतःचा आहे याची खात्री करा.